हात सोडून बघ

पस्तीस वर्षं ज्या माणसानं बारा-बारा टनांच्या पोलादी गुंडाळ्या चाळीस फुटांवरून अलगद, निजलेलं बाळ खाली ठेवावं तशा ठेवल्या, तो माणूस महिनाभर चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होता. वर घरात सांगत होता, "जरा गार वाटतंय, कपाची ऊब घेतो." उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि ह्याला गार वाटतंय! पण माणसाला एकदा काही लपवायचं असलं की त्याची अक्कल चरायला जाते, त्याला आपण काय करणार.

शेडमध्ये या गृहस्थांचं नाव ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. ह्यांच्या क्रेनच्या हुकाला लटकलेलं वजन तसंच सरळ उभं राहायचं. इतरांच्या हाती तेच वजन झोपाळ्यासारखं झुलायचं. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. आपणही ओळंबाच म्हणू, फक्त वयाचा मान म्हणून पुढे काका लावू.

त्या शेडची एक रीत होती. नवा माणूस क्रेन शिकून तयार झाला की त्याला प्रमाणपत्र वगैरे विचारायचं नाही. एक लोखंडी बादली काठोकाठ पाण्यानं भरायची, हुकाला अडकवायची, आणि शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला सांगायचं. खाली फरशी कोरडी राहिली तर तू क्रेनवाला, नाहीतर पुसणं घे आणि पूस. ओळंबाकाकांनी अशा चाळीसएक जणांना बादली लावली होती, आणि निम्म्यांच्या हातात पुसणं दिलं होतं.

शिकवताना त्यांचा पहिला धडा एकच. हूक आपोआप सरकतोय, झटके देतोय, अशी तक्रार घेऊन कुणी आला की ते म्हणायचे, "आधी हात सोड. दांड्याला शिवू नकोस. मग बघ. हात सोडल्यावर हूक थांबला तर दोष तुझा. हात सोडूनही हलत राहिला तर दोष यंत्राचा. हात दांड्यावर ठेवून कुणाचा दोष ते देवालाही सांगता यायचं नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की शेडमधली पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची.

तर असा हा माणूस साठीला निवृत्त झाला, आणि घरी बसून काकूंच्या डोक्याला ताप झाला. काकू शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत लेक आणि तिचा कॉम्प्युटर, आणि मधल्या खोलीत हे, इकडून तिकडे येरझाऱ्या घालत. काकू म्हणायच्या, "अहो, जमिनीला खड्डा पडेल. कुठंतरी टेका."

लेकीचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं. आता दिवसाचे दहा तास एका जागी बसते, पण नाव काही बदललं नाही. दोन मैत्रिणींबरोबर तिनं विमान चालवायचा गेम करायला घेतला होता. नुसता धडाधड गोळ्या झाडायचा नव्हे. खऱ्यासारखं विमान, खऱ्यासारखा वारा, धावपट्टीवर चाकं टेकवताना पोटात गोळा येईल असा. एका संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "आम्हाला रोज विमान उडवून बघणारा एक माणूस हवाय. हात स्थिर असलेला. तुमच्याहून चांगला कोण मिळणार?"

ओळंबाकाकांची छाती फुगली, ती चार दिवस उतरली नाही. जुन्या सामानाच्या बाजारातून लेकीनं एक जॉयस्टिक आणली. काळी, जाडजूड, मुठीत बरोबर बसणारी. पुढे ढकलली की नाक खाली, मागे ओढली की नाक वर, डावीकडे कलती केली की विमान डावीकडे कलणार. भिंगरी स्वतः कीबोर्डावरच्या बाणांनीच काम भागवायची. स्टिक बाबांची. खुर्चीवर उशी घेऊन ते बसायचे, चष्मा पुसायचे, आणि रोज सकाळी दोन तास आभाळात. उतरले की वहीत लिहायचे: आज वारा उजवीकडून, चाकं सरळ टेकली, एकदा शिंक आली. दोन महिने अगदी स्वर्ग होता म्हणा ना.

मग एका सकाळी विमान थरथरलं.

थोडंच. सरळ जाताना पंख डावीकडे झुकला, परत आला, उजवीकडे झुकला. काकांना वाटलं वारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वारा बंद करून बघितलं तरी तेच. त्यांनी मूठ घट्ट आवळली, तरी विमान आपलं थरथरतंय. त्याच संध्याकाळी बशीत कप ठेवताना किणकिण झाली. कप बशीत ठेवताना जगात रोज लाखो वेळा किणकिण होत असेल. पण काकांच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

कारण त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी सही वाकडी झाली, मग शर्टाची बटणं लागेनात, आणि शेवटची तीन वर्षं वहिनी त्यांना चमच्यानं भरवायची. दादा हात मांडीखाली दाबून बसायचे, कुणी आलं की. ओळंबाकाकांनी ते जवळून बघितलं होतं. आता त्यांना वाटलं, आली पाळी. आपलं नाव ज्या हातावर पडलं तोच हात आता जाणार. आणि तोंडात अशी मिठाची गुळणी धरली की बोलायचं नाव नाही.

नेमका तेव्हाच शेडमधून फोन आला. पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण आता तिथं फोरमन झाला होता. म्हणाला, "काका, चार नवीन माणसं घेतलीत. आठवड्याला तीन दिवस या आणि शिकवा. तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचत नाही. ह्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर वरचे लोक बाहेरून कुणालातरी आणून बसवतील."

निवृत्तीच्या दिवसापासून ज्याची वाट बघितली, तो फोन हा! आणि काका म्हणाले काय, तर, "बघतो. गुडघा जरा दुखतोय."

काकू मशीनवर होत्या. मशीन थांबलं. "गुडघा? कधीपासून?"

"आहे थोडा. शिडी चढवायची नाही."

क्रेनच्या केबिनला शेहेचाळीस पायऱ्यांची शिडी होती, त्यामुळे कारण चोख होतं. पण कारण चोख असलं तरी त्याची किंमत मोजावी लागते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काकू मलमाची बाटली घेऊन बसू लागल्या आणि काकांचा ठणठणीत गुडघा अर्धा-अर्धा तास चोळू लागल्या. काका कण्हायचेही अधूनमधून, नाटक पुरं व्हावं म्हणून.

इकडे विमानाचं निराळंच काहीतरी सुरू झालं. दोन आठवडे चाललेली थरथर एका दिवसात गायब! काकांना हायसं वाटलं, पण पुरता एक दिवससुद्धा नाही. कारण विमान आता उशिरा ऐकू लागलं होतं. कानानं कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं. डावीकडे जा म्हटलं, गप्प. पुन्हा म्हटलं, गप्प. जरा जोरात म्हणायला जावं तर आधीचं सगळं एकदम ऐकून हे भसकन डावीकडे. मग सावरायला उजवीकडे, तर उजवीकडेही तसंच, पहिल्याहून जास्त. धावपट्टी समोर आली की विमान झोपाळ्यासारखं झुलायला लागायचं आणि काका पंख घासून आपटायचे. सलग नऊ दिवस त्यांना एकदाही नीट उतरता आलं नाही. वहीत लिहायचं त्यांनी सोडून दिलं.

ज्यांच्या हुकाखाली बादली हलली नाही, त्यांच्या हाती विमान झुलतंय. आणखी काय पुरावा हवा? काकांनी मनात निकाल लावून टाकला.

बुधवारी ते लेकीला म्हणाले, "तुम्ही दुसरा कुणीतरी बघा उडवायला. माझे डोळे थकतात."

भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला जणू तिलाच कुणी नोकरीवरून काढलंय. "राहू दे ना बाबा, थोडे दिवस. मी बघते काहीतरी. स्टिकचे आकडे जरा तपासते."

गुरुवारी सकाळी तिनं ते तपासायचं पान उघडलं. काळ्या पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या, एक स्टिकच्या डाव्या-उजव्या दिशेची, एक मागच्या-पुढच्या, आणि पुढे आकडा. एक टोक शून्य, दुसरं टोक हजार, स्टिक सरळ उभी असली की पाचशे. तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला, ती बोलत बोलत गच्चीवर गेली. बाबा खुर्चीत येऊन बसणार, तोच दारावर कुणीतरी काकूंचं कापड घेऊन आलं, म्हणून ते उठून तिकडे गेले. आणि काकू आल्या आपली कात्री शोधायला. कात्री नेहमी लेकीच्या टेबलावरच सापडायची.

कात्री सापडली. पण काकू तिथंच थबकल्या आणि त्यांनी हाक मारली, "अहो! हे तुमचं विमान कोण हलवतंय? इथं तर कुणीच नाही!"

काका कापडाचा गठ्ठा घेऊनच आत आले. टेबलावर स्टिक एकटी उभी. पडद्यावर डाव्या-उजव्या दिशेची पट्टी नाचतेय. पाचशे तीन. चारशे एक्क्याण्णव. पाचशे सतरा. चारशे ऐंशी. कुणाचा हात नाही, बोट नाही, खिडकी बंद, वारा नाही. आणि आकडा आपला थरथरतोय.

काकांनी गठ्ठा खाली ठेवला. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसते बघत उभे राहिले. एक मिनिट झालं. दोन झाली. काकू म्हणाल्या, "अहो, बसा तरी." त्यांना ऐकू गेलं नाही. चाळीस माणसांना शिकवलेला पहिला धडा, पोरं ज्याची नक्कल करायची तो, आणि महिनाभर स्वतःवर एकदाही करून बघितला नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण हसून म्हणतो; इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि नाचणारा बिचारा आपल्या पायाला शिव्या देत बसला होता.

"भिंगरीऽऽ!" त्यांनी अशी आरोळी ठोकली की काकूंच्या हातून कात्री पडली. "खाली ये! आणि कशाला हात लावू नकोस!"

भिंगरी धावत आली, पडद्याकडे बघितलं, आणि जमिनीवर मांडी घालून डोकं धरून बसली. "मी गाढव आहे, बाबा."

"ते सावकाश ठरवू. आधी हे शोधू."

मग बापलेक कामाला लागले. घाई नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हाही शेडचाच नियम. वायर दुसऱ्या खाचेत लावली, आकडा तसाच नाचतोय. स्टिक काकूंच्या हिशेबाच्या लॅपटॉपला लावली, तिथंही नाचतोय. म्हणजे गेमचा दोष नाही, कॉम्प्युटरचा नाही. आता स्टिकच उलटी केली, चार स्क्रू काढले. आत दांड्याच्या बुडाशी शर्टाच्या बटणाएवढा एक गोल भाग होता. दांडा कलला की हा फिरतो आणि किती फिरला ते कॉम्प्युटरला सांगतो. काकांनी तो सोडवून चिमटीत धरला, चष्मा कपाळावर सारला. आतली काळी पट्टी बरोबर मधोमध झिजली होती. दांडा सगळ्यात जास्त वेळ मध्येच तर उभा असतो.

"क्रेनच्या दांड्याखालीही हे असंच झिजायचं," काका म्हणाले. "दर पावसाळ्याआधी मी स्वतः बदलायचो."

रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात तसाच नवा मिळाला. तीन बारीक तारा, अंगठ्याएवढ्या जागेत डाग देऊन जोडायच्या होत्या. काकांनी तापलेली डागणी उचलली आणि एकामागून एक तीन डाग दिले, गोल, चकचकीत, मोहरीएवढे. आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. काकू दारात उभ्या राहून सगळा वेळ त्यांचा हात बघत होत्या.

स्टिक बंद केली, लावली. हात सोडले. पाचशे. पाचशे. पाचशे. एकदा पाचशे एक, पुन्हा पाचशे.

"आता एवढं एक काढून टाकते," असं पुटपुटत भिंगरीनं झरकन दुसरं पान उघडलं आणि एक ओळ पुसायला गेली. पण काका पाठीमागेच होते, आणि त्यांचे डोळे काही थकलेले नव्हते. ओळीचं नाव होतं: बाबांचा हात.

"हे काय?"

भिंगरीनं बरंच इकडेतिकडे बघितलं. मग एकदम सगळं सांगून टाकलं. गेम तुमच्या प्रत्येक उड्डाणाचे आकडे जपून ठेवतो, बाबा. त्यात मला थरथर दिसली. मी थोरल्या काकांना बघितलंय. मला वाटलं, तसंच. तुम्हाला कळू नये म्हणून मी मागच्या वीस-वीस आकड्यांची सरासरी काढून विमानाला द्यायला लागले, म्हणजे थरथर पुसली जाईल. फक्त तुमच्यासाठी. सरासरीमुळे सगळं उशिरा पोचतं हे माहीत होतं मला, पण वाटलं तुम्ही सांभाळून घ्याल.

"म्हणून ते बहिरं झालं होतं!" काका ओरडले. "अगं, त्या तुझ्या सरासरीनं मला नऊ दिवस आपटवलं! मला वाटलं, आता माझं डोकंही गेलं!"

"मग मला विचारायचं ना!"

"तू मला विचारलंस?"

दोघंही एकमेकांकडे रागानं बघत राहिले. मग आधी कोण हसलं ते सांगता यायचं नाही, पण काका डोळे पुसत होते आणि लेक त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडतही होती, हसतही होती. बाप लेकीपासून लपवतोय, लेक बापापासून, आणि दोघांच्या मध्ये एक झिजलेलं बटण मजा बघतंय. मायेनं आंधळी झालेली माणसं दुसरं काय करणार?

ओळ पुसली. मग भिंगरीला लहर आली. म्हणाली, स्टिक जरा डावीकडे कलवून एक मिनिट तशीच धरायची, बघू कुणाचा आकडा किती हलतो. काकांचा सहाच्या आत राहिला. तिचा स्वतःचा एकोणीसवर गेला.

"दिवसाला आठ कप कॉफी पितेस, दुसरं काय होणार," काका म्हणाले. मग त्यांनी काकूंना ओढून बसवलं. काकूंचा आकडा चारच्या पुढे गेला नाही. "पंचवीस वर्षं सुईत दोरा ओवतेय," काकू म्हणाल्या, "तुमचं लोखंड ठेवा तिकडे." आणि कात्री घेऊन निघून गेल्या.

त्या दुपारी विमान पहिल्याच फेरीत उतरलं, चाकं एकदाच टेकली. पण काका फोनपाशी जाऊन नुसते उभे राहिले. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो. आकडे लेकीचे होते, खेळ लेकीचा होता. शेवटी त्यांनी फोरमनला फोन लावला. "उद्या येतो. पण आधी मला बादली लाव."

"काका, बादली तुम्ही आम्हाला लावायची!"

"लावणार असशील तर येतो."

शुक्रवारी भिंगरीही बरोबर गेली. फोरमननं स्वतः बादली काठोकाठ भरली, हुकाला अडकवली, आणि जिथं पाणी सांडलं होतं ती जागा आधी पुसून घेतली. काका शेहेचाळीस पायऱ्या चढून केबिनमध्ये बसले. दांडा धरण्याआधी त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खाली हुकाकडे बघितलं. हूक स्थिर होता. मग त्यांनी दांडा धरला.

बादली उचलली गेली. फोरमन आणि भिंगरी, वजनाखाली कुणी येऊ नये म्हणून आखलेल्या पिवळ्या रेघेच्या बाहेरून, मान वर करून, तिच्या बरोबरीनं चालत होते. मध्यावर रुळांचा सांधा येतो, तिथं क्रेनला धक्का बसतोच. बादली झुलायला लागली. पण काकांनी क्रेन मागे ओढली नाही. बादली जिकडे झुकली तिकडेच क्रेन थोडी नेली, तिच्या बरोबर गेले, आणि झोका तिथंच मरून गेला. त्या टोकापर्यंत, आणि परत. फोरमन उकिडवा बसला आणि सबंध वाट तळहातानं चाचपत गेला. उठून त्यानं तळहात वर केला, केबिनकडे. कोरडा होता.

"सोमवारपासून!" तो ओरडला.

घरी आले तेव्हा काकू मशीनवर होत्या. काकांनी कधी नव्हे ते सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. सांधा, झोका, फोरमनचा तळहात. काकू ऐकत होत्या, शिवत होत्या. सांगून झाल्यावर काकांना एकदम मलमाची बाटली दिसली आणि ते ओशाळले. "आणि ऐक. गुडघ्याला आता नको चोळूस. तो... बरा झालाय."

"त्याला झालं काय होतं बरं व्हायला?" काकू मान वर न करता म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग महिनाभर चोळत का होतीस?"

काकूंनी दोरा दातानं तोडला. "चोळताना तुम्ही गुडघ्याकडे बघायचात. तेवढा अर्धा तास हाताकडे बघायचा नाहीत, म्हणून."